सोमवारची मलमल

लष्कर, ग्वाल्हेर
९ मे १९५६

भालू,

मायना काय लिहावा ते सुचेना, म्हणून नुसतं नाव लिहिलंय. तुझ्या पत्राच्या डोक्यावरचं 'चि. सौ. कां. राजलक्ष्मीस' मी मोठ्याने वाचलं, तर नाना एवढे हसले की त्यांना ठसका लागला. म्हणाले, "वा रे भाचेसाहेब! सौभाग्य मोडणारा हाच आणि कांक्षा विचारणारा पण हाच!" तुझा मामा म्हातारा झाला, डोळ्यांनी कमी दिसतं, पण जीभ अजून दरबारातलीच आहे.

आठ वर्षांनी पत्र, आणि त्यात काय, तर हौदाची चौकशी. आत्या कशी आहे हेसुद्धा नाही. सख्खी आई आहे तुझी, चार गल्ल्या सोडून राहते, तिला सांधेदुखीने उठवत नाही. ती बरी आहे. आता हौदाचं बोलू.

तू लिहितोस की हर्णैच्या किनाऱ्यावर लाट फुटताना पाणी हवेला जेवढी उष्णता द्यायला पाहिजे तेवढी देताना दिसत नाही. 'आपल्या हौदात' सपाट पाण्यापेक्षा फुटणारं पाणी कितीतरी जास्त ऊब आणि वाफ सोडायचं, मग समुद्रच एवढा कंजूष का? तेव्हा 'आपण' नेमकं काय करत होतो, ते तुला नीट आठवत नाही म्हणे.

आपण? मी सांगते आपण काय करत होतो. माघातल्या पहाटे कॉलेजच्या मागच्या दगडी हौदात विहिरीचं कोमट पाणी भरायचं, ते मी भरवून घेत होते. फळी पुढेमागे ढकलून लाट काढायची, ती मी काढत होते. उतारावर लाट फुटली की तिथे दोन तापमापक धरायचे, एक कोरडा, एक ओल्या मलमलीत गुंडाळलेला. ओल्यावरचं पाणी जेवढं भराभर वाळेल तेवढा त्याचा पारा खाली, आणि दोघांतल्या फरकावरून हवा किती कोरडी ते कळतं. ते धरून माझी बोटं निळी पडायची. तू शालीत बसून आकडे लिहायचास आणि मधूनमधून म्हणायचास, "राजू, चाय मिळेल का?" हे झालं 'आपण'.

उताराची कल्पना माझी. फर्शी तासून घेतली मी. आणि निबंध छापून आला तेव्हा त्यावर एकच नाव होतं, तुझं. तोपर्यंत दरबार विलीन झाला होता, दरबारची संशोधनाची शिष्यवृत्ती बुडाली होती, तुला किनाऱ्यावरच्या त्या केंद्रात जागा मिळाली होती, आणि जागा देणाऱ्या साहेबांची बी.एस्सी. झालेली मुलगीही मिळाली होती. आपला साखरपुडा तू पोस्टकार्डावर मोडलास. पाकीट तरी वापरायचंस रे! पोस्टमनने जिन्यातच वाचलं आणि नानांच्या हातात देताना मान खाली घातली. पूर्ण टोपी बाजाराला माझ्याआधी कळलं होतं.

पत्राला उत्तर देणारच नव्हते. पण मलाही तुझ्याकडून एक गोष्ट हवी आहे, म्हणून लिहितेय.

मध्यभारत आता संपतोय. नोव्हेंबरात नवं राज्य होणार, राजधानी भोपाळला. चार राज्यांचे नोकर एका रांगेत उभे करणार, आणि कोण वर कोण खाली ते एकत्रीकरण समिती ठरवणार. कॉलेजात शिकवणाऱ्याकडे स्वतःच्या नावाचं संशोधन पाहिजे. नाही, तर शाळेवर बदली. मी गोरखीतल्या सरकारी कचेरीत चौकशीला गेले तर तिथला बाबू म्हणाला, "बाईसाहब, पढ़ाती तो आप अच्छा होंगी, मगर पब्लिकेशन दिखाइए." काय दाखवू? तुझं नाव दाखवू?

तू समितीला चार ओळी लिही की हौदाचं काम राजलक्ष्मीचं आहे. खरं तेवढंच लिही, एक शब्द वाढवू नकोस. मग तुझा समुद्र कंजूष का, त्यावर मी डोकं घालते. आधी तू, नंतर मी. या वेळी उधारी नाही.

राजलक्ष्मी

---

लष्कर
२ जून १९५६

भालू,

तुझं जाडजूड पाकीट मिळालं. समितीला लिहिलेल्या पत्राची नक्कल असेल म्हणून मी उभ्याउभ्या फोडलं. निघालं काय, तर तीन वर्षांच्या समुद्राच्या नोंदी आणि तुझ्या प्रबंधाच्या एका प्रकरणाचा कच्चा खर्डा. समितीबद्दल एकच ओळ: 'ते सवडीने पाहू, आधी विज्ञान.' वा! तुझं ते विज्ञान आणि माझं ते सवडीने.

खर्डा मी वाचला. नाना म्हणाले मोठ्याने वाच, तर मला वाचवेना. तू लिहिलंयस की समुद्राचे आकडे पक्के असल्यामुळे हौदाचेच चुकीचे धरले पाहिजेत, आणि पुढे लिहिलंयस, 'हौदातील मोजणी कु. राजलक्ष्मी या नवशिक्या सहायिकेच्या हातची होती.'

तर आलं माझं नाव! आठ वर्षं मी वाट पाहिली आणि शेवटी तू घातलंस. हौद बरोबर होता तोवर तो तुझा होता. आता चुकला म्हणतोस, तर लगेच माझा झाला. मजाल तर बघा! भालू, माझ्या अंगाचा असा भडका उडाला की मी खर्डा तिथेच टाकून अंगणात गेले आणि धुतलेली भांडी पुन्हा घासली.

हे छापलं की समितीपुढे माझं काय होईल, कळतंय तुला? कामाचं श्रेय नाही ते नाहीच, वर चुकीचा शिक्का. शाळासुद्धा देतील की नाही कोण जाणे.

पण एक ऐक. भांडी घासून झाल्यावर मी परत आले आणि तुझ्या नोंदी नीट वाचल्या. अक्षर तुझं नाही, गोल आणि बायकी आहे. तुझ्या बायकोचं असावं. तू अभिमानाने लिहितोस की सगळं लष्करच्या शिस्तीने चाललंय, तापमापकावरची मलमलसुद्धा आपल्या जुन्या प्रोफेसरांच्या नियमाप्रमाणे दर सोमवारीच बदलते. शाबास.

तुझा समुद्र कंजूष नाही. माझा हौदही चुकलेला नाही. चुकलंय ते तुझ्याकडे, आणि काय चुकलंय ते मला कळलंय. कळलं म्हणजे स्वयंपाकघरात कळलं आणि लॅबमध्ये जाऊन मी ते ताडून पाहिलं. तसल्ली झाली.

सांगणार नाही. ती नवशिकीची ओळ काढ, समितीला पत्र लिही, दोन्हींच्या नकला मला पाठव, मग सांगीन. तोवर बस कुढत.

राजलक्ष्मी

---

लष्कर
११ जुलै १९५६

भालू,

आत्याला मध्ये घालायची तुला लाज कशी वाटली नाही?

काल ती रिक्षा करून आली. गुडघ्यांना फडकी बांधलेली, हातात साबुदाण्याच्या चकल्यांचा डबा. दहा मिनिटं पाऊसपाण्याचं बोलली, मग म्हणाली, "राजू, भालूने लिहिलंय की तुझ्याकडे त्याचं काहीतरी अडलंय. तू दे ना ग देऊन. घरातलाच आहे तो."

मी म्हटलं, "आत्या, घरातला होता तेव्हा पोस्टकार्ड टाकून गेला."

"ते झालं. पुरुषांची बुद्धी तेवढीच. पण त्याची डॉक्टरी राहील ग. सप्टेंबरात मुंबईला परीक्षक त्याला तोंडी विचारणार आहेत."

नाना खाटेवरून बोलले, "सुलू, तुझ्या लेकाला सांग, त्याच्या मामाच्या लेकीची नोकरी राहते की जाते ते पण यंदाच ठरतंय. दोघांचं एकदम राहू दे."

आत्या रडायला लागली. मी तिला चहा दिला, गुडघ्यांना तेल लावून दिलं आणि रिक्षात बसवलं. तिच्यावर माझा राग नाही. तिने तुला जन्म दिला, एवढाच तिचा गुन्हा, आणि तो तिने जाणूनबुजून केलेला नाही.

तू पत्रात म्हणतोस, मी 'वैयक्तिक गोष्टींची विज्ञानात सरमिसळ' करते. माझं नाव वैयक्तिक आणि तुझं नाव विज्ञान, असं आहे का? सप्टेंबर जवळ आलाय. मी अजून वाट पाहतेय, पण फार दिवस पाहणार नाही.

राजलक्ष्मी

---

लष्कर
२० ऑगस्ट १९५६

भालू,

तुझा प्रबंध सादर झाल्याचं आत्याकडून कळलं. पेढे पण आले. नवशिकीची ओळ तशीच आहे, हेही कळलं, कारण प्रबंधाची एक प्रत तू इथल्या कॉलेजला भेट म्हणून पाठवलीस. माझ्याच खोलीतल्या कपाटात ठेवायला! प्राचार्यांनी ती माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "आपका भी ज़िक्र है इसमें." मी म्हटलं, हो, वाचलंय.

तेव्हा आता ऐक. काल मी तुझ्या मुंबईच्या परीक्षकांना रजिस्टर्ड पत्र पाठवलं. त्यात लिहिलं ते तुलाही सांगते. पत्र पोस्टात पडल्यावरच सांगतेय, म्हणजे तुला काही सावरासावर करायला उसंत मिळायला नको.

मे महिन्यात मी लोणच्याच्या कैऱ्या चिरल्या. फोडींना मीठ लावून त्या एका मलमलीच्या फडक्यात बांधून ठेवल्या होत्या. दुसऱ्या दिवशी फोडी बरणीत गेल्या आणि फडकं मी तसंच, न धुता, दोरीवर टाकलं; शेजारी नुसत्या पाण्यातून काढलेलं दुसरं. बाहेर लू अशी की तोंडाला चटके बसत होते. नुसतं फडकं मी पाठ फिरवेपर्यंत वाळलं. मिठाचं मात्र संध्याकाळपर्यंत ओलसरच. मिठाचं पाणी सहजी वाळत नाही, भालू. मीठ पाण्याला सोडत नाही.

आता तुझा ओला तापमापक घे. फुटणाऱ्या लाटेचे तुषार त्याच्या मलमलीवर बसतात. त्यातलं पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं. रोज थोडं थोडं साचतं. मलमल नीट वाळत नाही म्हणून पारा हवा तेवढा उतरत नाही, आणि तुला वाटतं की लाटेवरची हवा आधीच वाफेने भरलेली आहे, तिला आणखी काही नको. म्हणून तुझा समुद्र कंजूष.

आपल्या लष्करात मलमल सोमवारी बदलत होतो ती धुळीसाठी. आंधी आली की ती भुरी व्हायची, कोणालाही दिसायचं. मीठ पांढरं आणि मलमलही पांढरी. जन्म ग्वाल्हेरात गेलेल्या माणसाला ते कसं दिसणार? तू समुद्राकाठी आठ वर्षं राहिलास, पण डोळे गोरखीतच ठेवलेस.

खामखा बोलत नाही मी. तुझ्याच नोंदी बघ. सोमवारी नवी मलमल चढते, त्या दिवशी तुझा समुद्र माझ्या हौदासारखाच वागतो. मंगळवारपासून बिघडत जातो, रविवारी पार हाताबाहेर. समुद्राला वार कळतात का?

मी परीक्षकांना हेही लिहिलं की हौदाचा उतार, लाट आणि मोजणी माझी होती. पुरावा माझ्याकडे नाही, माझा शब्द आहे, असंही लिहिलं. मानतील, न मानतील. पण तुझा तो 'पक्का' समुद्र आता कोणी मानणार नाही. मला फार बरं वाटतंय. काल मी पोस्टातून परत येताना पेठेतून मोगऱ्याचा गजरा घेतला, कित्येक वर्षांनी.

राजलक्ष्मी

---

लष्कर
७ ऑक्टोबर १९५६

भालचंद्र,

तू माणूस आहेस का कोण आहेस?

मला वाटत होतं, परीक्षकांपुढे तू गोंधळशील, चिडशील, फार तर माझ्या नावाने बोटं मोडशील. तू काय केलंस ते मला शामलाने कळवलं. तुझ्या बायकोने मला पत्र लिहिलंय. तू परीक्षकांना म्हणालास की पद्धत निर्दोष होती, पण तापमापकांची देखभाल पत्नीकडे होती आणि मलमल वेळेवर बदलण्यात तिने हयगय केली. परीक्षकांनी ते टिपून घेतलं आणि तुला नव्या मोजणीसाठी सहा महिने दिले. वा, सुटलास!

शामला लिहिते:

'तुम्ही मला ओळखत नाही. तीन वर्षं पहाटे मी त्या पाण्यात उभी राहते. हे किनाऱ्यावरून शिट्टी वाजवतात, मी आकडा ओरडून सांगते आणि घरी येऊन लिहिते. यांनी सोमवार सांगितला म्हणून मी सोमवारी बदलत होते. एकही सोमवार चुकवला नाही. बाळंतपणानंतर सव्वा महिनासुद्धा झाला नव्हता तेव्हा पाण्यात उतरले. आता माझ्या वडिलांना कळलंय की मी निष्काळजी. तुमचं पत्र खरं असेल, बाई. पण तुम्ही दगड मारलात तो मला लागला.'

मी नेम तुझ्यावर धरला होता. तू नेहमीप्रमाणे बाजूला झालास आणि मागे उभी होती ती बाई समोर आली. हौद माझा होता तेव्हा माझ्यावर ढकललंस, समुद्र तिचा होता तेव्हा तिच्यावर. तुझं स्वतःचं असं काही आहे का रे? चूकसुद्धा दुसऱ्याची वापरतोस.

नानांना वाचून दाखवलं. ते खाटेवर उठून बसले. मग म्हणाले, "त्या पोरीला लिही, तिला उत्तर न देता जेवायला बसू नकोस."

लिहिलं. तिला काय लिहिलं ते तुला सांगायचं कारण नाही. राग आधी होता त्यात आता तिचाही मिसळलाय, एवढं लक्षात ठेव.

राजलक्ष्मी

---

हर्णै
६ नोव्हेंबर १९५६

भालचंद्र,

हे पत्र तुझ्याच टेबलावर बसून लिहितेय. खिडकीतून माड दिसतात. तुझी खुर्ची डुगडुगते.

तू दिवाळीला सासऱ्यांकडे पुण्याला गेलास आणि शामलाने अंगात कसर आहे म्हणून यायचं टाळलं, ते याचसाठी. मी कॉलेजच्या दिवाळीच्या सुटीत आले. नानांना आत्याकडे सोडलं. मुंबईहून बोटीने आले आणि हर्णैला बोट धक्क्याला लागतच नाही हे मला कोणी सांगितलंच नव्हतं! भर समुद्रात होडीत उतरायचं. मी डोळे मिटून उतरले. खलाशी म्हणाला, "घाबरू नका बाय, बसून रव्हा." आमच्याकडे चंबळला पूर येतो तेव्हासुद्धा आम्ही लांबूनच पाहतो.

शामला माझ्यापेक्षा लहान आहे आणि फार कमी बोलते. पहिल्या दिवशी दोघी एकमेकींकडे परक्यासारख्या बघत होतो. तिने आमसुलाचं सार केलं, मी तोंड वाकडं केलं, ती हसली आणि तिथून बोलणं सुरू झालं. तिने विचारलं, "ताई, तुम्हाला यांचा अजून राग येतो?" मी म्हटलं, "रोज सकाळी, चहाच्या आधी." ती म्हणाली, "मला चहानंतर येतो, आधी वेळ नसतो."

पहाटे बाळाला शेजारणीकडे ठेवून आम्ही दोघी कासोटा घालून पाण्यात गेलो. तिने टेकायला वाळूत रोवलेला बांबू धरला, मी तापमापक. जमिनीवरून गार, कोरडा वारा येत होता. पहिल्या लाटेत माझे पाय वाळूवरून सुटले, तिने दंडाला धरून मला उभं केलं. लाट फुटली की क्षणभर गालाला ऊब लागते, भालचंद्र. तुला हे माहीत आहे का? नसणार. तू किनाऱ्यावर शिट्टी वाजवत असतोस.

प्रत्येक वेळी नवी मलमल, आणि ती पावसाच्या साठवलेल्या पाण्यात भिजवलेली. शेजारी मुद्दाम एक तुझी 'सोमवारची' जुनी. एकाच लाटेवर, एकाच क्षणी. जुनी म्हणते हवा वाफेने भरलेली आहे. नवी म्हणते अजून कितीतरी जागा आहे आणि लाट ती भरतेय. हौदात जे दिसलं तेच. शामलाने आकडा वाचला आणि पाण्यातच ओरडली, "ताई, तुमचाच हौद!" आम्ही दोघी भिजून चिंब झालो होतो आणि वेड्यासारख्या हसत होतो.

परीक्षकांना हे आकडे दोघींच्या सहीने गेलेत. तुझी सही घेतली नाही, तू घरी नव्हतास.

राजलक्ष्मी

---

लष्कर
२६ नोव्हेंबर १९५६

भालचंद्र,

तुझं पत्र शनिवारी मिळालं. आयुष्यात पहिल्यांदा तू मला मुद्द्याचं लिहिलंस.

इथे गोरखीसमोर ट्रक उभे आहेत. फायली भरभरून भोपाळला चालल्यात, कपाटं उघडी पडलीत, बाबू लोक एकमेकांना पत्ते देताहेत. समितीची मुदत महिनाअखेर संपते. माझ्या नावापुढे आज जे लिहिलंय ते 'भिंड, कन्या शाळा'. परवा बाबूनेच दाखवलं, बिचारा म्हणाला, "अब भी कुछ काग़ज़ ला सकें तो ले आइए." नानांना घेऊन भिंडला जायचं, की त्यांना इथे आत्याच्या दारात ठेवायचं, याचा विचार करत मी घरी आले, तर दारात तुझं पत्र.

तू लिहितोस, आणि मी तुझेच शब्द उतरवतेय:

'राजू, परीक्षकांनी माझ्याकडे खुलासा मागितला आहे. माझी जागाही धोक्यात आहे. तू त्यांना एवढंच कळव की पद्धतीत दोष नव्हता, मलमलीत हयगय झाली ती शामलाच्या हातून, आणि हर्णैला तिने तुझ्यापाशी तसं कबूल केलं. त्या बदल्यात मी एकत्रीकरण समितीला लिहून देतो की हौदाची कल्पना, रचना आणि सर्व मोजणी तुझी एकटीची होती, मी फक्त ती शब्दांत मांडली. हे खरंच आहे, तूही जाणतेस. सोमवारची सूचना मी दिली होती हेही आपल्या दोघांत राहू दे. शामला माझी बायको आहे, तिला निष्काळजी म्हटल्याने तिचं काय जाणार? तुझी मात्र नोकरी वाचेल.'

तुला खोटं का सांगू, मी डगमगले. रविवारी दिवसभर पत्र उशाशी घेऊन पडून होते. जे मी मेपासून मागतेय, खरं म्हणजे साखरपुडा मोडला तेव्हापासून मागतेय, ते तू ताटात वाढून दिलं होतंस. लष्कर राहील, कॉलेज राहील, नाना आपल्या खाटेवर राहतील. परीक्षकांना काय लिहायचं त्याची पहिली ओळसुद्धा मी लिहिली: 'शामलाबाईंनी माझ्यापाशी कबूल केलं.' पुढे हात चालेना. तिने त्या पाण्यात माझा दंड धरला होता, आणि मी तिच्या नावावर ते लिहीत होते. मला माझीच किळस आली. मी ओळ फाडली, चुलीत घातली.

मग तुझं पत्र पुन्हा वाचलं, आणि मला हसूच आलं. इतकी वर्षं तू मला चार ओळी लिहून दिल्या नाहीस. मागितल्या तेव्हा 'सवडीने' म्हणालास. आईला रडवलंस, पण लिहिलं नाहीस. आणि आता मला विकत घ्यायच्या घाईत सगळं लिहून बसलास. हौद कोणाचा, सोमवार कोणाचा, खाली तुझी सही, तारीखसुद्धा. खूप हुशार माणूस तू, पण बायकांना लिहिताना जरा बेफिकीर होतोस.

आज सकाळी मी तुझ्या पत्राच्या दोन नकला हाताने काढल्या. एक शामलाला, कारण तिच्या वडिलांनी ते वाचायला हवं. एक तुझ्या परीक्षकांना. मूळ पत्र, तुझ्या अक्षरातलं, मी स्वतः गोरखीत नेलं आणि त्या बाबूसमोर ठेवलं. त्याने चष्मा लावून सबंध वाचलं. मराठी त्याला अर्धवटच येतं, काही शब्द मला विचारले, मी अर्थ सांगितले. मग त्याने विचारलं, "ये आपके क्या लगते हैं?"

मी म्हटलं, "गवाह."

त्याने शिक्का मारला आणि पत्र माझ्या फायलीत लावलं. ती फाईल दुपारच्या ट्रकने भोपाळला गेली.

राजलक्ष्मी